अंगठा काढला का?

मी बोलते आहे. मी म्हणजे एक साधी, आरपार दिसणारी प्लास्टिकची नळी. जाडीने करंगळीएवढी, लांबीने तीस हात. माझा जन्म कारखान्यात झाला. पण त्यात सांगण्यासारखे काही नाही. तिथे आम्ही सगळ्या एकसारख्याच निघतो. खरे आयुष्य सुरू होते ते कुणीतरी कापून वेगळे केल्यावर.

मला कापले ते एका लोखंडी सामानाच्या दुकानदाराने. समोर एक तरुण गवंडी आणि त्यांची पत्नी उभी होती. दोघांच्याही नखांत सिमेंट होते.

"किती देऊ?" दुकानदाराने विचारले.

"दहा हात," मिस्त्री म्हणाले.

"तीस," बाई म्हणाल्या.

"अगं, तीस हात काय करायचीय? आपण काय राजवाडा बांधतोय?"

"आज नाही बांधत. उद्या बांधलात, तर परत दुकानात यायला नको."

दुकानदार हसला. "मिस्त्री, ऐका बाईंचं. शेवटी त्यांचंच चालणार आहे."

"ते लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी कळलंय," मिस्त्री म्हणाले, आणि मला तीस हात कापून घेतले.

याच मिस्त्रींनी पुढे घरे बांधणारी मोठी कंपनी उभी केली. त्यांची हकीकत सांगणारे पुष्कळ आहेत. तिच्यातली एक गोष्ट मात्र तिघांनाच ठाऊक होती. त्यांतली दोन माणसे बोलली नाहीत, आणि मला बोलता येत नव्हते.

आधी माझे काम सांगते. परमेश्वराने पाणी निर्माण केले तेव्हाच त्याला एक शिस्त लावून दिली. मोकळे सोडले, की ते कुणाची भीड न धरता समपातळीत उभे राहते. गवंडी या शिस्तीचा उपयोग करतो. माझ्यात पाणी भरायचे. एक टोक एकाने धरायचे, दुसरे दुसऱ्याने. एका भिंतीवर खूण असते. पहिला आपले टोक वरखाली करून त्यातले पाणी त्या खुणेशी आणतो. मग पलीकडच्या टोकात पाणी जिथे थांबेल, तिथे दुसरा आपल्या भिंतीवर खूण करतो. दोन्ही खुणा एका पातळीत. हे काम एकट्याचे नव्हे. कितीही मोठा कारागीर असला, तरी दुसरे टोक धरायला त्याला माणूस लागतो.

आणखी एक गोष्ट. मला इकडून तिकडे नेताना दोन्ही तोंडे अंगठ्याने दाबावी लागतात, नाहीतर पाणी सांडते. खूण करण्याआधी मात्र दोन्ही अंगठे निघालेच पाहिजेत. एक जरी राहिला, तरी आतले पाणी अडते आणि चुकीच्या जागी उभे राहते. पाणी खोटे बोलत नाही. पण त्याचे तोंड दाबले, तर ते खरेही बोलू शकत नाही.

म्हणून बाईंनी एक रीत पाडली होती. दोघे आपापल्या भिंतीशी उभे राहिले, की त्या ओरडून विचारीत, "अंगठा काढला का?"

"काढला. तुझा?"

"काढला."

"मग मार खूण."

दिवसातून वीस वेळा हे होई. दोघांचे भांडण झालेल्या दिवशी बाकीचे बोलणे बंद असे. एवढे मात्र चालू राही. आतले पाणी नीट दिसावे म्हणून बाई त्यात चिमूटभर नीळ घालीत. तीही त्यांचीच युक्ती. काम संपले, की त्या मला वेटोळे करून खांद्यावर घालीत आणि मिस्त्रींच्या सायकलवर मागे बसत. ती दोन वर्षे मी सुखात होते. कामाची वस्तू कामात असणे, यापरते सुख नाही.

मग मास्तरांचे घर आले.

मास्तर शाळेतून निवृत्त झाले होते. जन्मभर मुलांच्या वह्या तपासल्यामुळे कुठे चूक दिसली, की त्यांचा हात आपोआप खिशातल्या लाल पेनाकडे जाई. त्यांचे घर म्हणजे मिस्त्रींनी स्वतःच्या नावावर घेतलेले पहिले काम. तोवर ते दुसऱ्याच्या हाताखाली राबत होते. हे घर नीट उभे राहिले, तर नाव होणार होते. नाहीतर पुन्हा दुसऱ्याची थापी.

त्या सकाळी मिस्त्री एका भिंतीशी माझे टोक धरून उभे होते आणि बाई तिला कोपऱ्यात मिळणाऱ्या भिंतीच्या पलीकडच्या टोकाशी. मास्तर येऊन मिस्त्रींच्या शेजारी थांबले.

"काय हो मिस्त्री, एवढ्याशा नळीने घर सरळ होतं?"

मिस्त्रींची छाती फुगली. ते मास्तरांकडे वळून सांगू लागले. पाणी काय, पातळी काय, आपला हात काय. सांगता सांगता त्यांनी टोक उचलून पाणी खुणेशी आणले. ते तिथे नीट उभे राहिले. राहणारच. त्यांचा अंगठा माझ्या तोंडावर होता.

पलीकडून बाईंनी विचारले, "अंगठा काढला का?"

गिऱ्हाइकासमोर बायकोने विचारावे, हे मिस्त्रींना रुचले नाही.

"मला काय शिकवतेस? तू तुझं बघ. मार खूण!"

मास्तर हसले. बाईंनी खूण केली.

माझ्या पोटात हवा कोंडली होती. ती कोणाच्या अंगठ्याखाली कोंडली होती, हे मला कळत होते. पण नळीला वाचा नसते.

दोन्ही भिंती दोन बाजूंनी चढू लागल्या. एक मिस्त्री रचत होते, दुसरी त्यांचा जोडीदार गवंडी. त्याला सगळे नगारा म्हणत. त्याच्या कानात गेलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत चार रस्ते फिरून येई. चौथ्या दिवशी दोन्ही भिंती कोपऱ्यात भेटल्या, आणि थर जुळेनात. दोन बोटांचा फरक.

"मिस्त्री," नगारा म्हणाला, "तुमची वीट माझ्या विटेला मानच देत नाही."

मास्तर पाहायला आले. त्यांनी कोपऱ्यावर बोट ठेवले. "हे काय, मिस्त्री?"

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिले. मी परांचीच्या खांबावर लटकत होते. मग त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिले. त्यांचा अंगठा हळूच मुठीत गेला. त्या क्षणी त्यांना आठवले, याची मी साक्षीदार आहे.

बाई डोक्यावर मालाचे घमेले घेऊन आल्या होत्या.

"बायकोकडे टोक दिलं होतं, मास्तर," मिस्त्री म्हणाले. "तिचा अंगठा काढायचा राहिला. माझीच चूक, तिच्यावर भरवसा ठेवला."

बाईंनी घमेले खाली ठेवले. सावकाश ठेवले, माल सांडू दिला नाही. त्यांनी नवऱ्याकडे एकदा पाहिले. त्या काही बोलतील म्हणून मिस्त्री थांबले होते. त्या बोलल्या नाहीत.

"भिंत पाडतो, मास्तर," मिस्त्री घाईने म्हणाले. "दोन बोटांसाठी कुणी पाडत नाही, प्लास्टरखाली झाकतात. पण मी पाडतो. माझ्या खर्चाने."

आणि खरोखर पाडली. दुसऱ्या दिवशी बाईंनीही पहार उचलली. पण त्या संध्याकाळी त्यांनी मला धुऊन, पुसून, वेटोळे करून नवऱ्यासमोर ठेवले.

"अहो."

"काय?"

"काही नाही. यापुढे दुसरं टोक आणखी कुणाला तरी द्या."

त्या दिवसानंतर त्यांनी मला हात लावला नाही.

मास्तर भेटेल त्याला सांगू लागले : असा गवंडी पाहिला नाही, दोन बोटांच्या चुकीसाठी अख्खी भिंत पाडली. सांगणारा मास्तर, म्हणून लोकांनी विश्वास ठेवला. एका घराची चार झाली, चारांची चाळीस. मिस्त्री कंत्राटदार झाले, त्यांच्या नावाची पाटी लागली, हाताखाली दोनशे माणसे आली. मी अन्याय करणार नाही. मिस्त्रींनी कधी कमअस्सल काम केले नाही. वाळूत माती दिसली तर गाडी परत पाठवीत. देवाचे नाव घेतल्यावाचून त्यांनी पायाची पहिली वीट ठेवली नाही. विटांशी ते प्रामाणिक होते. पण विटांशी प्रामाणिक राहणे सोपे असते. वीट वर मान करून पाहत नाही.

इकडे नगाऱ्याने आपले काम केले. त्याच्या तोंडून एक शब्द निघाला आणि कंपनीभर झाला. कुठे दार वाकडे बसले, कुठे पायरी उंच झाली, की कुणीतरी म्हणे, "मिस्त्रीणबाईंचा अंगठा!" आणि सगळे हसत. नव्या माणसाला पहिल्या दिवशी थापी मिळे आणि ही गोष्ट मिळे. मिस्त्रीही ती सांगत. आरंभी चाचरत सांगत, मग सराईतपणे, मग हसत. खोटे बोलायला एक क्षण पुरतो. ते सांभाळायला जन्म लागतो. आणि सांभाळता सांभाळता माणसाला त्याचा लळा लागतो, हे त्याहून वाईट.

बाईंनी घर सांभाळले, मुलगा वाढवला, आजारी मजुरांच्या घरी जाऊन बसल्या. कामाच्या जागी मात्र पाऊल टाकले नाही. घरात कुणी ती थट्टा केली, की त्या उठून म्हणत, "चहा ठेवते." चाळीस वर्षांत त्यांनी असा किती चहा ठेवला असेल, देव जाणे.

माझी जागा आधी नव्या नळ्यांनी घेतली, मग लाल किरण सोडणाऱ्या यंत्राने. मला वाटले, कचऱ्यात जाईन. पण मुलाने कचेरी बांधली तेव्हा मला काचेच्या पेटीत घालून वडिलांच्या खुर्चीमागच्या भिंतीवर लावले. खाली पितळी अक्षरे : "सचोटीचा पाया". मी आत कोरडी, वेटोळे घालून बसलेली. येणारे-जाणारे नमस्कार केल्यासारखे पाहत. खोट्या मानाने वस्तूही आतून चिरते. माझ्या एका टोकाला चीर पडली ती तिथेच.

मग घरात सून आली. ती बांधकामाची इंजिनिअर होती आणि नवऱ्याबरोबर कंपनीत काम करू लागली. एके दिवशी सासूला कचेरी दाखवायला घेऊन आली. दोघी माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"आई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार."

"खरंच राहिला होता तुमचा अंगठा?"

बाईंनी काचेवरची धूळ हाताने पुसली. "पाण्याला विचार," त्या म्हणाल्या.

"यात पाणी कुठंय?"

"तेच ना," बाई म्हणाल्या आणि वळल्या.

यानंतर महिन्याभराने एका दवाखान्याच्या कामात चूक झाली. फरशी धुतली, की पाणी दाराबाहेर न जाता खोलीत शिरू लागले. डॉक्टर तक्रार घेऊन कचेरीत आले. मिस्त्री आता सत्तरीत होते. ते माझ्याखालच्या खुर्चीत बसले होते. समोर मुलगा, सून, आणि दाराशी म्हातारा झालेला नगारा.

"खुणा कुणी दिल्या होत्या?" डॉक्टरांनी विचारले.

मुलाने क्षणभर टेबलाकडे पाहिले. "हिने," तो म्हणाला. "माझीच चूक, डॉक्टर. हिच्यावर भरवसा ठेवला."

"अहो, मी फोनवर विचारलं होतं," सून म्हणाली. "तुम्हीच म्हणालात, यंत्र पुन्हा लावत बसू नको, कालचीच खूण धर..."

"आता डॉक्टरांसमोर वाद नको."

"चला," नगारा दारातून म्हणाला, "घराण्याचा अंगठा सासूकडून सुनेकडे आला!"

कारकून हसले. डॉक्टरही हसले. सुनेने मान खाली घातली.

मिस्त्री हसले नाहीत. ते मुलाच्या तोंडाकडे पाहत होते. मुलाने वाक्य उसने आणले नव्हते. ते त्याला वारशाने मिळाले होते. बाप मुलाला घर देतो, नाव देतो, आणि जे लपवतो तेही देतो.

"डॉक्टर, फरशी आम्ही काढून नवी घालू," मिस्त्री म्हणाले. मग थांबले. हेच वाक्य त्यांनी पूर्वी एकदा उच्चारले होते, आणि त्याआड ते आयुष्यभर उभे राहिले होते. "पण तेवढं पुरत नाही. उद्या सकाळी सगळ्यांनी आवारात यायचं. नगाऱ्या, झाडून सगळ्यांना सांग."

"ते सांगायला लागतंय होय?" नगारा म्हणाला.

मिस्त्रींनी स्वतः पेटी उघडली आणि मला बाहेर काढले. घरी जाऊन ते बाईंना म्हणाले, "उद्या कामावर येशील?"

"मी? कशाला?"

"एक टोक धरायचंय."

"बघू," बाई म्हणाल्या.

सकाळी सुनेने मला कोमट पाण्यात भिजवून मऊ केले, चीर पडलेले टोक वीतभर कापून टाकले आणि पाणी भरले. आवारात माणसे जमली. मिस्त्री कचेरीच्या भिंतीशी उभे राहिले. तिथे त्यांनी पेन्सिलने खूण केली होती. समोर गोदामाची भिंत होती. तिथे कुणी नव्हते.

मग फाटकातून बाई आल्या. माझ्यापाशी येऊन त्यांनी वाकून पाहिले.

"नीळ घातली नाही? नुसतं पाणी दिसणार आहे का आता तुमच्या डोळ्यांना?"

त्यांनी पदराची गाठ सोडून चिमूटभर नीळ काढली. म्हणजे त्या घरूनच ठरवून आल्या होत्या. मग माझे दुसरे टोक हातात घेऊन, तोंडावर अंगठा धरून, त्या गोदामाकडे चालत गेल्या. बेचाळीस वर्षांनी मला तो अंगठा कळला. मऊ झाला होता. पण पकड तीच.

बाईंनी टोक भिंतीला लावले आणि अंगठा काढला. मिस्त्रींनी आपले टोक उचलून पाणी खुणेशी आणले. ते तिथे नीट उभे राहिले, कारण त्यांचा अंगठा माझ्या तोंडावर होता. ते वाट पाहू लागले.

"अगं, विचार ना," मिस्त्री म्हणाले.

"काय?"

"जे विचारायचीस ते."

"बेचाळीस वर्षांपूर्वी विचारलं होतं," बाई म्हणाल्या. "उत्तर अजून यायचंय."

मिस्त्री बोलले नसते तरी चालले असते. वय झाले होते, लोक समजून घेतात. हे त्यांना ठाऊक होते, आणि बाईंनाही.

"नव्हता काढला," मिस्त्री म्हणाले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "मास्तरांच्या घरी अंगठा माझा राहिला होता. हिने विचारलं, तर मी हिलाच दटावलं. चूक उघडी पडली, तेव्हा हिचं नाव सांगितलं. भिंत पाडून बांधली म्हणून तुम्ही मला प्रामाणिक म्हणत आलात. भिंत सरळ केली मी. बोललेलं वाकडंच ठेवलं. ही कधी चुकली नव्हती."

आणि त्यांनी अंगठा काढला.

माझ्यातले पाणी त्यांच्या बाजूला खाली गेले, बाईंच्या बाजूला वर चढले, दोन-तीनदा डोलले आणि स्थिर झाले. मिस्त्रींच्या खुणेपासून ते दोन बोटे खाली होते.

"अहो मिस्त्री," नगारा घोगऱ्या आवाजात म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं मी..."

"तू नगाराच होतास. वाजवणारा मी होतो."

नगारा बाईंकडे गेला. काय बोलावे हे त्याला आयुष्यात प्रथमच सुचले नाही. त्याने हात जोडले.

बाईंनी त्याला मानेने बाजूला हो म्हणून खुणावले. "पाणी दिसू दे," त्या म्हणाल्या. डोळे भरले होते, म्हणून त्यांना ते दिसत नव्हते. पण दोष नगाऱ्याला दिला, एवढी सवलत मी त्यांना देते. मग नवऱ्याला हाक मारून म्हणाल्या, "आता टोक खुणेशी आणा. आणि अंगठा लांब ठेवा."

मुलगा तीन दिवस खाली मान घालून फिरला. चौथ्या दिवशी तो बायकोला घेऊन दवाखान्यात गेला आणि डॉक्टरांना सांगितले, की जुनी खूण धरायला आपणच लावले होते. हे घरी कळले तेव्हा बाई म्हणाल्या, "बापाला बेचाळीस वर्षं लागली, मुलाला तीन दिवस. घराणं सुधारतंय."

काचेची पेटी आता रिकामी आहे. मला पुन्हा आत ठेवणार होते, पण बाईंनी ठेवू दिले नाही. "पाणी वाहायची वस्तू कोरडी कशाला ठेवता?" म्हणाल्या. पितळी अक्षरेही मिस्त्रींनी स्वतः स्क्रू काढून उतरवली.

मी आता त्यांच्या अंगणात असते. रोज सकाळी मिस्त्री नळ सोडतात आणि बाई माझे दुसरे टोक धरून झाडांना पाणी घालतात. कोपऱ्यातली रोपे लांब आहेत. तिथवर धार जावी म्हणून त्या माझ्या तोंडावर मुद्दाम अंगठा दाबतात. मिस्त्री नळापासून ओरडतात, "अंगठा काढला का?"

"नाही काढला," बाई म्हणतात. "माझा आहे आणि मीच सांगतेय."

मी फार दिवस टिकणार नाही. उन्हाने कडक झाले आहे. एखाद्या सकाळी मधूनच फुटेन. तक्रार नाही. जाण्यापूर्वी, वाचणाऱ्या सज्जना, एवढेच मागते. तुझ्या घरात काही वाकडे झाले आणि कुणाचे तरी नाव तुझ्या ओठांवर आले, तर ते उच्चारण्याआधी आपल्या हाताकडे एकदा पाहा. देव सगळे पाहतो, हे खरेच. पण दुसरे टोक धरणारा माणूसही पाहत असतो, आणि तो उत्तराची वाट पाहत म्हातारा होतो.